आग्नेस आंटींची हातमिळवणी

आमच्या बिल्डिंगमध्ये भांडायचं तर दारंखिडक्या लावून, दबक्या आवाजात भांडावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आग्नेस आंटींच्या कानावर गेलं, की त्या पदर खोचून हजर होतात आणि दोघांचे हात धरून एकमेकांत कोंबतात. "पयला हात मिलवा. मंग भांडा!"

आंटी मूळच्या उत्तनच्या. नवरा वारला, मुलगा दुबईला, आणि त्या इथे शांती नगरात एकट्या. रविवारी मात्र बस पकडून गावच्याच देवळात मिस्सेला जातात. देऊळ म्हणजे त्यांचं चर्च, आणि मिस्सा म्हणजे तिथली सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना. मिस्सेत एका ठिकाणी फादर सांगतात, 'एकमेकांना शांती द्या.' मग शेजारच्याचा हात हातात घ्यायचा. बाकीचे लोक तेवढं करून घरी जातात. आंटींचं ठरलेलं वाक्य वेगळंच! "मिस्सा देवळात सुरू व्हते, न् संपते भाजी मार्केटात."

आणि खरोखर संपवतात हो तिथे! सुट्ट्या पैशांवरून जुंपलेल्या रिक्षावाल्याला आणि पॅसेंजरला त्यांनी भर रस्त्यात "हाथ मिलाव, मगच जाव!" म्हणून अडवलं, मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. पार्किंगवरून शहा आणि सावंत वर्षभर बोलत नव्हते, त्यांना लिफ्टमध्ये गाठलं. एकदा आंटी कढीपत्ता मागायला आल्या आणि आमच्या ह्यांचा फुगलेला चेहरा त्यांना दिसला. उपम्यातल्या मिठावरून आमची सकाळीच वाजली होती. आम्ही हात मिळवेपर्यंत बाई दारातून हलल्या नाहीत. उपमा गार झाला तो झालाच.

अशी ही बाई स्वतःच्या सख्ख्या भावाशी बोलत नव्हती!

त्या भावाच्या मुलीच्या लग्नात उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं पाणी, आणायला सगळे वाजतगाजत विहिरीवर गेले. आंटी म्हणतात, हंडा उचलायचा मान आत्याचा. धाकट्या भावाने, पास्कूने, तो दिला मेहुणीला. झालं! तेव्हापासून पास्कू सातच्या मिस्सेला, आंटी नऊच्या.

यंदा गावच्या सणाला मिस्सा एकच होती. आंटी सकाळी माझ्या दारात. "तू चल गो माज्याबरोबर. पाय दुकतो." दुखऱ्या पायाने जिना मात्र धडाधड उतरल्या. मला तर मॅच बघायला निघाल्यासारखं झालं होतं. बसमध्ये त्या हळूच म्हणाल्या, "पास्कूनं हात दिला न्हाय तं?"

आंटींना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी आपली "देतील हो" म्हणाले.

देऊळ खच्चून भरलेलं. गाणी जोरात, मला शब्द येत नसताना मीही सुरात सूर लावला. मग फादरांनी ते वाक्य उच्चारलं. आंटींनी पुढच्याला हात दिला, मागच्याला दिला, मला तर दोनदा दिला. मधल्या वाटेपलीकडे पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा आमच्याकडेच बघत होता. तोच पास्कू. आंटींचे पाय काही हलेनात. शेवटी मला राहवेना. मी त्यांना खांद्याने सरळ ढकललं! "जावा की!"

त्या गेल्या. पास्कूने एक नाही, दोन्ही हात पुढे केले. आजूबाजूचे सगळे गुडघ्यांवर बसले तरी ही दोघं हात धरून उभीच. माझे डोळे भरून आले, आणि टाळ्या वाजवाव्यात असंही वाटत होतं. देवळात वाजवतात की नाही, ठाऊक नव्हतं.

बाहेर आल्यावर आंटींनी मला बाजूला घेतलं.

"सगल्यांचे हात मिलवते मी," त्या म्हणाल्या, "पन माजा हात धराला घरात कोन हाय गो?"

तेवढ्यात फाटकातून पास्कू ओरडला, "बाय, चल ना! मासली थंड व्हते!"

आंटी पदराने डोळे पुसत त्याच्यामागे जवळजवळ पळतच निघाल्या.