लाल फितींची कॉन्टेसा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गडद निळी कॉन्टेसा उभी आहे आणि तिला जागोजागी लाल फिती लोंबतात. नवखे पाहुणे विचारतात, उद्घाटन आहे का? उद्घाटन नाही. विमान जमिनीवर उभं असताना त्याच्या नळ्यांची तोंडं बुचं लावून बंद करतात आणि उडण्याआधी ती काढायला कुणी विसरू नये म्हणून बुचांना लाल फिती लावतात. बोरस्तेकाका ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. ते निवृत्त झाले, पण त्यांच्या डोक्यातलं विमान अजून उतरलेलं नाही. म्हणून फिती.

माझं मत आधीच सांगून टाकते. मी पत्रकांच्या घरात वाढले. आई-बाबा युनियनचं काम करायचे, आणि आमच्याकडे शिळ्या भाकरीपासून शाळेच्या दप्तरापर्यंत सगळं पत्रकांत गुंडाळलेलं असायचं. खाजगी मोटार म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरची दादागिरी, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. आडगाव नाक्यावर शहर बसची वाट पाहत उन्हात उभ्या राहणाऱ्या बायका मला रोज दिसतात. अशा गावात एका माणसानं दोन गाड्यांची जागा अडवून, पेन्शन ओतून, पेट्रोल पिणारं एक जुनं धूड सजवत बसावं, याचा मला राग येतो. काका तिला ‘आपल्याकडची मसल कार’ म्हणतात. माझ्या मते ती अमेरिकेतल्या दांडगट गाड्यांची गरीब मावसबहीण आहे.

आणि सजावट तरी कसली! बॉनेटला भोक पाडून त्यावर पत्र्याचं एक नाकाड बसवलंय. इंजिनाला जास्त हवा मिळते म्हणे. मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे गाडी सतत शिंकण्याच्या बेतात असल्यासारखी दिसते. सीटला चार पट्ट्यांचा बेल्ट. पण सगळ्यांत कहर म्हणजे स्पीडोमीटरच्या शेजारची तबकडी. भद्रकालीच्या जुन्या बाजारातून आणलेली ही तबकडी आपण किती उंचीवर आहोत ते दाखवते. मी विचारलं होतं की मोटारीत हिचा उपयोग काय. काका म्हणाले, कसारा घाट आहे की. आता ही तबकडी हवेच्या दाबावर चालते. त्यामुळे पाऊस यायच्या आधी दाब उतरला की तिचा काटा वर सरकतो. म्हणजे जी गाडी पार्किंगमधून एक वीतही हलली नव्हती, ती स्वतःच्या हिशेबाने दर पावसाळ्यात शे-दोनशे फूट वर जाऊन येत होती. काका हे अभिमानानं सांगायचे.

हत्यारांचा प्रकार वेगळाच. पार्किंगच्या भिंतीवर त्यांनी एक फळी ठोकली आहे आणि तिच्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पक्कडीची आकृती पिवळ्या रंगानं काढली आहे. हत्यार जागेवर नसलं की रिकामी आकृती ओरडते. कारखान्यात एखादा पाना सापडत नसेल तर विमान हलत नाही, कारण तो विमानाच्या पोटात राहिलेला असू शकतो. हे योग्यच आहे. पण एका संध्याकाळी यांचा पाना सापडेना, तेव्हा यांनी सोसायटीचं फाटक बंद केलं. एकही वाहन बाहेर जाणार नाही. त्याच संध्याकाळी सेक्रेटरीच्या मुलीचा साखरपुडा होता. नवऱ्याकडची माणसं गाड्यांत बसून घामाघूम, सेक्रेटरी हात जोडतायत, आणि काका एकेका गाडीखाली वाकून बघतायत. शेवटी वरच्या गॅलरीतून सुमनकाकूंचा आवाज आला.

‘‘अहो, मागच्या खिशात बघा.’’

पाना तिथंच होता. काकांना जराही लाज वाटली नाही. फाटक उघडताना त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य नवऱ्याच्या बापाला ऐकवलं, ‘‘केलं त्यानं तपासायचं नसतं.’’

हे वाक्य म्हणजे काकांचा धर्म. काम एकानं करायचं, तपासायचं दुसऱ्यानं. घरी ही दुसरी नजर सुमनकाकूंची. सिलिंडर यांनी जोडायचा, वास काकूंनी घ्यायचा. कुलूप यांनी लावायचं, ओढून काकूंनी बघायचं. कॉन्टेसाचं काम निघाल्यावर दर रविवारी काकू उजेडासाठी बॅटरी घेऊन खाली यायच्या आणि आपल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसायच्या. त्यांना ती गाडी मुळीच आवडत नसे. या पैशात बाल्कनीला ग्रिल झालं असतं, हे त्या तपासता तपासता ऐकवायच्या. काका प्रत्येक नट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढत. रेघ नसलेला नट म्हणजे सैल नट. काकूंना इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण रेघ दिसायची. आणि प्रत्येक रविवारी त्यांना एक तरी नट सापडायचाच. ‘‘हे बघा तुमचं विमान,’’ असं म्हणत त्या तो पूर्ण पार्किंगला ऐकू जाईल इतक्या आनंदानं दाखवायच्या. मग काका खाली मान घालून तो आवळायचे आणि काकू पुन्हा तपासायला बसायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर काकांनी एकट्यानं इंजिन पुरं केलं, रंग मारला, काचा बसवल्या. गाडी लखलखली. पण सुरू होईना, म्हणजे काका सुरूच करेनात. विचारलं की म्हणायचे, केलं त्यानं तपासायचं नसतं. लोकांनी अर्थ काढला की म्हाताऱ्याला गाडी जमलेली नाही. मीही तोच काढला.

मग मी ठराव लिहिला. जे वाहन स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर जाऊ शकत नाही ते वाहन नव्हे, भंगार होय. आणि भंगारानं दोन जागा अडवणं हा इतर रहिवाशांवर अन्याय होय. वार्षिक सभेत तो एकमतानं पास झाला. काकांनीही हात वर केला. दसऱ्यापर्यंत गाडी चालून दाखवायची, नाहीतर भंगारवाला बोलवायचा. सभा संपल्यावर काका माझ्याजवळ येऊन म्हणाले की भाषा चांगली आहे, एकही शब्द सैल नाही. मला वाटलं, टोमणा मारतायत.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. हातात काकूंची बॅटरी होती.

‘‘पत्रक, वेळ आहे का? गाडी तयार आहे, जरा बघून दे.’’ ते मला याच नावानं हाक मारतात.

मी म्हणाले, मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही.

‘‘सुमनला तरी कुठं कळत होतं? आमचा पोरगा परगावाहून व्हिडिओवर बघतो आणि म्हणतो, पप्पा, एक नंबर. एक नंबर म्हणणाऱ्याची तपासणी चालत नाय.’’ मग त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, ‘‘तुला गाडी आवडत नाही ना?’’

‘‘अजिबात नाही.’’

‘‘मग चल.’’

मी गेले. ज्याच्याविरुद्ध ठराव आणला त्याला पूर्ण संधी द्यायची, हेही आमच्याच पत्रकांत असतं. काकूंचं स्टूल तिथंच होतं, पुसलेलं. मी त्याच्यावर न बसता फरशीवर बसकण मारली आणि सुरुवात केली. खरं सांगायचं तर मला चूक हवीच होती. रेघ, रेघ, रेघ. तासभर नुसत्या पिवळ्या रेघा. मग पुढच्या डाव्या चाकामागे, ब्रेकच्या नळीपाशी, एक कोरा नट दिसला. बोट लावलं तर फिरला.

‘‘हे बघा तुमचं विमान,’’ मी म्हणाले.

काका वाकले. त्यांनीही तो बोटानं फिरवून पाहिला. मग ते सावकाश काकूंच्या स्टुलावर बसले.

मला वाटलं, माझी परीक्षा घ्यायला मुद्दाम सोडला असेल. तसं विचारलं.

‘‘सुमनसाठी ठेवायचो,’’ ते म्हणाले. ‘‘दर रविवारी एक. डिकीचा, नाहीतर दाराच्या मुठीचा. काही सापडलं नसतं तर ती पुढच्या रविवारी खाली कशाला आली असती?’’

‘‘आणि हा?’’

‘‘ब्रेकचा कुणी ठेवतं का गं,’’ काका म्हणाले. ‘‘हा राहिला.’’

गाडी पुरी होऊनही ते तिला चावी का लावत नव्हते, ते मला तेव्हा कळलं. आपल्या हातून आता काय काय राहतं, हे त्यांना आमच्या सभेच्या आधीपासून माहीत होतं.

त्यांनी नट आवळला, रेघ ओढली. रेघ थोडी वाकडी आली. मी सगळी गाडी पहिल्यापासून पुन्हा तपासली आणि मग फिती सोडल्या. काकांनी चारही पट्टे बांधून चावी फिरवली. इतका आवाज आणि इतका धूर झाला की पार्किंगमधली कुत्री कंपाउंड ओलांडून गेली. मी गाडीत बसले नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. पण ते नाक्यापर्यंत जाऊन परत येईस्तोवर फितींचा जुडगा हातात धरून मी फाटकाशी उभी होते आणि प्रत्येक हॉर्नला रस्त्याकडे बघत होते.

ठराव अर्थातच निकालात निघाला. गाडी दोन जागा अडवून तशीच उभी आहे. कॉन्टेसाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, आणि ते मी काकांना दर रविवारी बॅटरी मारता मारता ऐकवते. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी खाली गेले, तर डिकीच्या झाकणाचा एक नट कोरा होता, अगदी डोळ्यांसमोर, आंधळ्यालाही दिसावा असा. काका दुसरीकडे बघत पाने पुसत होते.

मी स्टूल ओढलं आणि पुढच्या चाकापासून सुरुवात केली.