इंगळेकाकांचं यान

आमच्या शेजारचे इंगळेकाका रोज दुपारी चार वाजता अंतराळवीरांना शिव्या घालतात.

"अबे, पहले गेज देख! गेज न पाहता दार काहून उघडून राहिला?" अशी गर्जना आली की मी चहाचं आधण ठेवते. गढा मोहल्ल्यात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे काका रोज लावतात तो सिनेमा न पाहताच मला पाठ झाला आहे. चंद्राकडे निघालेल्या यानावर कुठलासा दगड आदळतो, हवा गळू लागते, आणि सरतेशेवटी दोघंच उरतात, एक कॅप्टन आणि एक इंजिनिअर बाई. हवा मात्र जेमतेम एकाला पुरेल इतकी. नेमकं इथे काका टीव्ही बंद करतात. "बाकी उद्या," म्हणतात. आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवट त्यांनी आजवर पाहिलेला नाही.

काका तोफगोळ्यांच्या कारखान्यात जन्मभर तपासनीस होते. तिथली एक पद्धत ते निवृत्तीनंतर घरी घेऊन आले. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने त्या वस्तूला हात लावायचा आणि म्हणायचं, "पाहिलं." हात न लावता "पाहिलं" म्हणणारा माणूस काकांच्या लेखी खुनी. गावाला निघताना काका दारात उभे राहून वाचत आणि काकू घरभर फिरून हात लावत. खिडकी? पाहिलं. नळ? पाहिलं. एकदा सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनासुद्धा त्यांनी सुपारीपासून कापरापर्यंत यादी वाचायला लावली. गुरुजींनी मुकाट्याने वाचली, दक्षिणा मिळायची होती ना!

मी या सगळ्याला पोट धरून हसायची. काका चिडायचे नाहीत. "वर्षा, त्या यानात मशीन कमी नाही," ते म्हणायचे, "दुसरा माणूस कमी आहे. सारे यादी वाचूनच राहिले. हात कोणी लावून नाही राहिलं."

काकूंची फुफ्फुसं दोन वर्षांपूर्वी थकली. नाकात नळी, पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या गॅसला काका स्वतःच हात लावतात, पण "पाहिलं" पलंगावरून काकूच म्हणतात. त्याशिवाय काका तिथून हलत नाहीत.

गेल्या मे महिन्यात एके दिवशी सकाळपासून वीज नव्हती. पावणेचारला इंगळ्यांच्या इन्व्हर्टरनेही मान टाकली. त्या दिवशी भिंतीपलीकडून अंतराळवीरांना शिव्या आल्या नाहीत, माझं नाव आलं. तसा आवाज मी काकांचा कधी ऐकला नव्हता. मी अनवाणीच धावले.

मशीन बंद होतं. काकू उशांना टेकून बसल्या होत्या, ओठ निळसर, मान प्रत्येक श्वासाला वर उचलली जात होती. सकाळीच आलेला भरलेला सिलिंडर पलंगाशी उभा होता. काकांच्या हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेली यादी होती.

"दुसरा माणूस पाहिजे," काका म्हणाले. "मी वाचतो. तू हात लाव."

"काका, सरळ लावा ना! वेळ कुठे आहे?"

"वेळ नाही म्हणूनच. चावी?"

"पाहिलं."

"नळी?"

"पाहिलं."

"वॉशर?"

माझी नजर काकूंच्या ओठांवर होती. "पाहिलं," मी म्हणाले.

काकांनी रेग्युलेटर आवळला, चावी फिरवली, आणि सिलिंडरच्या तोंडाशी फुस्स करून हवा सुटली. गेजचा काटा खाली येऊ लागला. काकूंची हवा खोलीत वाया चालली होती. काकांनी झटकन चावी बंद केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हात नाही लावला न?"

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागले. वॉशर म्हणजे बोटभर रुंदीची एक चकती, कुठे शोधायची? माझ्या एका शब्दाने काकू जातात की काय, या भीतीने मी पलंगाखालीही हात फिरवला. काका खिसे उलटे करत होते. तेवढ्यात काकूंनी बोट उचललं. कोपऱ्यात रिकामा सिलिंडर उभा होता. मी झेप घेतली. रेग्युलेटर काढताना वॉशर त्याच्याच तोंडाला चिकटून राहिला होता.

"वॉशर?" काकांनी पुन्हा विचारलं. एक पायरीही गाळली नाही पठ्ठ्याने!

मी चकती जागेवर बसवली, बोटाने दाबली. "पाहिलं."

या वेळी फुस्स झालं नाही. हळूहळू काकूंची मान उशीवर स्थिर झाली. काकांनी यादी खिळ्याला अडकवली, डोळे पुसले आणि चहा करायला आत गेले.

काकूंनी मला जवळ बोलावलं. "ते माझे रिपोर्ट आणायला गेले होते, तवा मी सिनेमाचा शेवट पाहून घेतला. त्यांना सांगू नको."

"वाचतात दोघं?"

"एकच येतो वापस." त्या दम घ्यायला थांबल्या. "कॅप्टन येतो. चांगला सुखरूप येतो." मग माझा हात धरून म्हणाल्या, "पण त्याला दुसरा माणूस लागते, वर्षा. हात लावून म्हणत जाशील न?"

मला रडू आवरेना. तेवढ्यात आतून काकांचा आवाज आला, "गॅस?"

काकू गप्प राहिल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, काकांच्या शेजारी उभी राहून शेगडीच्या बटणाला हात लावला, आणि पलंगापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "पाहिलं."