भोपळ्याची करंजी आणि कावळा

त्या दिवशी मी साहेबांसमोर नुसती मान हलवून गप्प बसलो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. (एरवी मान हलवून गप्प बसण्याचाच मला पगार मिळतो.)

साल १९६६. सिल्वासाच्या आमच्या कचेरीत मिहाई नावाचे रुमानियन इंजिनिअर आले होते, खडोलीकडे पाण्यासाठी बोअरच्या जागा बघायला. महिनाभर गेस्ट हाउसची डाळ खाऊन माणूस निम्मा झाला होता. एका दुपारी त्यांनी खिशातून आईचा फोटो काढला, त्याला कपाळ टेकवलं, डोळे पुसले आणि मोडक्या इंग्रजीत मला आईच्या हातच्या 'प्लाचिंता'ची गोष्ट सांगितली. पातळ पारी, आत गोड भोपळा, आपल्या करंजीसारखी दुमडून तव्यावर भाजायची.

"त्यात काय, रविवारी आमच्याकडे या," मी म्हणालो. तव्याशी माझा संबंध काय, हे मालतीला विचारा.

घरी मालतीने पहिला प्रश्न केला, "आई कधी गेल्या त्यांच्या?"

"ते नाही विचारलं. पण फोटोला डोकं टेकवलं."

जित्या माणसाच्या फोटोला आमच्यात कोणी डोकं टेकवत नाही. शिवाय लाल भोपळा, तो श्राद्धाला चालतोच. मालतीला तेवढं पुरलं. तिची स्वतःची आई गुहागरला, आणि माझी रजा गेली दोन वर्षं 'पुढच्या महिन्यात' मिळत होती.

रविवारी साहेब टाय लावून हजर झाले. मालतीने भोपळा गुळात शिजवून जायफळ घातलं होतं. तुपाचा वास घरभर पसरला, तशी साहेबांची जीभ सैल झाली. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन शिपायांबरोबर हा पदार्थ त्यांच्या देशात आला, असं ते म्हणाले. मी ते मालतीला सांगितलं.

"शिपाई कसले करतायत," ती म्हणाली. "एखाद्याच्या आईने वाटेत खायला बांधून दिलं असेल."

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर साहेबांनी तव्याकडे बघत मान डोलावली. मग त्यांनी करंजीकडे हात पुढे केला.

"थांबायला सांगा त्यांना. आधी कावळा," मालती म्हणाली.

आमची पद्धत आहे, एवढंच मी साहेबांना सांगितलं. अंगणात पानावर एक करंजी ठेवली. कावळा कुंपणावर आला, पण शिवेना. मालती पानापाशी हात जोडून उभी. साहेब उन्हात टाय सैल करत उपाशी उभे.

"त्यांचा जीव अडकलाय. काहीतरी कबूल करा," मालती म्हणाली.

"तुमच्या मुलाला दर रविवारी जेवू घालू," मी कावळ्याला म्हणालो. कावळा ढिम्म. "त्याला वेळेवर झोपायला लावू." कावळ्याने कुंपणावर चोच पुसली.

"आईपासून लांब पडलेल्या लेकरांचं बोला काही," मालती हळूच म्हणाली.

मी घायकुतीला आलो. "बरं बाई, मालतीला मे महिन्यात गुहागरला नेतो. चांगलं महिनाभर."

मालती दोन पावलं मागे सरली. कावळा झेपावला आणि अख्खी करंजी घेऊन गेला.

साहेबांनी पहिला घास घेतला आणि ते चक्क रडले. मी पाठीवर हात ठेवून विचारलं, आई कधी वारल्या?

"वारल्या? परवाच पत्र आलं. दोन गाईंचं दूध काढते अजून."

मी चाचरत कावळ्याचा अर्थ सांगितला. साहेब हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. मालती मात्र पांढरीफटक पडली. मग म्हणाली, "त्यांना सांगा, मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. आता शंभरी गाठतील." ते ऐकून साहेब उठले आणि तिला वाकून नमस्कार केला. मलाही भरून आलं.

ते गेल्यावर मी घसा साफ केला. "आई जिवंत आहेत म्हटल्यावर ती गुहागरची कबुलीही..."

"आई जिवंत आहेत," मालती म्हणाली. "पण कावळा तर खरा होता ना?"

मे महिन्यात आम्ही गुहागरला गेलो. दोन वर्षांनी लेकीला बघून सासूबाई तिला मिठीतून सोडेनात, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मायलेकी परसात भोपळा किसत बसल्या होत्या. मालती सांगत होती, "तो कावळा रोज माझ्याच हातची पोळी खातो गं. फक्त मी पानापासून हटल्याशिवाय शिवत नाही."

"हुशार आहे हो," सासूबाई म्हणाल्या.

कोण, ते मी विचारलं नाही. मी नव्हतो, एवढं नक्की.