परसातल्या बांबूला मुदतवाढ मिळण्याबाबत

संदर्भ : सौ.चा तोंडी आदेश, स्वयंपाकघरातून भांडी आपटत दिलेला.

उपरोक्त विषयी सविस्तर हकीकत अशी की, निवृत्तीनंतर मी परसात बांबू लावला. साधासुधा नव्हे, ज्याचे कोवळे कोंब खातात तो. जागा नेमकी सौ.च्या कपडे वाळत घालायच्या दोरीची निघाली. दोरी गेली, बांबू आला आणि काही वर्षांत परसातलं ऊनही त्याने खाल्लं.

"अहो, या पावसाळ्यात याची भाजी ताटात आली नाही, तर बांबू जाईल आणि माझी दोरी परत येईल," सौ. म्हणाली.

पाऊस पडला, वीतभर कोंब वर आला. सौ.ने सुरी पुढे केली. पण आलेला कागद त्याच दिवशी निकालात काढायचा नाही, ही माझी आयुष्यभराची शिस्त. (बहुतेक कागद पडून राहिले की आपोआप मिटतात.) "जरा भरू दे," मी म्हणालो.

दोन दिवसांनी बघतो तर कोंब माझ्या डोक्याच्या वर. सुरी लागेना, कोयता टणकन उडाला.

"भरला का?" सौ.ने विचारलं.

पुढच्या कोंबांचंही तेच झालं. शेवटचा कुंपणाखालून शेजारी उगवला. शेजारी म्हणजे आमचे साहेब, तेही निवृत्तच. मी कुंपणाशी उभा राहिलो.

"साहेब, तो कोंब आमचा आहे."

"असं? लेखी द्या. बघतो."

मी लेखी दिलं. साहेबांनी ते घडी करून खिशात घातलं आणि कोंब कापला. नोकरीत त्यांना इतक्या तातडीने काही करताना मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी साहेबीणबाईंकडून वाटीभर भाजी आली. सौ.ने दोनदा वाढून घेतली.

"आली की नाही ताटात? अट पूर्ण," मी म्हणालो.

"बांबू आपला, पण कापला साहेबांनी, शिजवला त्यांच्या बायकोने. तुमचं यात काय?"

"पण बांबू राहणार ना?"

"अर्ज करा. बघते."

त्यानुसार अर्ज सादर केला आहे. तो सध्या गळक्या तेलाच्या बरणीखाली असून अद्याप प्रलंबित आहे. दरम्यान बांबूलाच दोरी बांधण्यात आली असून, कपडे वाळत घालण्याचं काम माझ्याकडे वर्ग झालं आहे.