सगुणा अस्वलिणीच्या घरचा 'मऊभात'

एका जंगलात, बाळांनो, सगुणा नावाची अस्वलीण राहत होती. तिचा नवरा केरोबा दिवसभर रानात मधाची पोळी उतरवी. सगुणा घर सांभाळी आणि 'मऊभात' वाची.

'मऊभात' हे मासिक होतं. त्यात घरच्या साध्यासुध्या जेवणाच्या पाककृती येत. साध्या म्हणजे किती, तर एकेकीला दोन पानं लागत. त्यातलं दीड पान आजीच्या आठवणीत जाई.

सगुणाला ते दीड पानच फार आवडे. दुपारी भांडी आवरली की ती पाल्यावर आडवी होई, पोटावर अंक ठेवी आणि बोट चाटून पान उलटी. वरणभातावर तुपाची धार पडतानाचा फोटो आला की तिच्या तोंडाला पाणी सुटे. कधीकधी ते फोटोवरही पडे. मग ती पंजाने पुसून पुढचं वाची. अंक संपला की तिला ढेकर येई. खरंच येई, थट्टा नाही.

संध्याकाळी केरोबा दारातूनच विचारी, "आज काय?"

"आज लेकुरवाळी भाजी! वर ओलं खोबरं, शेजारी टम्म फुगलेली भाकरी!"

"वा! आणि ताटात?"

"ताटात पिठलं."

केरोबा पिठलं खाई, ती वाचून दाखवी. संसार झकास चालला होता.

एकदा टपाल वाटणाऱ्या माकडाने नवा अंक टाकला आणि सगुणाने पहिलंच पान वाचून किंकाळी फोडली. मासिकाची संपादिका मृणालिनीबाई कोल्हीण हिने तिथे छापलं होतं : 'येत्या पौर्णिमेला आम्ही आमच्या लाडक्या वाचक सगुणाताई यांच्याकडे जेवायला जाणार आहोत. त्या आम्हाला आमचीच पाककृती करून वाढतील.'

"मग अडलंय कुठं?" केरोबा म्हणाला. "कर की एखादी."

"अहो, मी यातलं आजवर काहीच केलं नाही!"

"इतकी वर्षं मग काय केलंस?"

"आनंद घेतला," सगुणा म्हणाली आणि रडायला लागली.

पौर्णिमेच्या सकाळी तिने 'आजीच्या कुशीतली खिचडी' करायला घेतली. अंकात लिहिलं होतं : तांदूळ मायेने धुवावेत. डाळ हळुवार भाजावी. पाणी अंदाजाने घालावे.

सगुणाने अंदाज केला. पण अस्वलाचा अंदाज तो. खिचडीची पेज झाली. तिने तांदूळ वाढवले, तर पातेलं गच्च झालं. पुन्हा पाणी ओतलं, तर सगळं उतू जाऊन चूल विझली. खालचा थर करपला होता, वरचा कच्चा होता आणि मधला कशाचा होता ते कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात दारात कोल्हीण उभी. गळ्यात मोत्यांची माळ, बरोबर फोटो काढायला एक बगळा.

सगुणाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पाहुणी उपाशी कशी ठेवायची? तिने मुकाट्याने चूल पेटवली. लसूण ठेचला, मिरची तडतडवली, पिठलं रटरटायला ठेवलं. भाकऱ्या थापल्या. मान खाली घालून ताट पुढे सरकवलं.

"माफ करा बाई. तुमची खिचडी मला साधली नाही. हे आपलं आमचं रोजचं."

कोल्हिणीने एक घास घेतला. मग माळ काढून बाजूला ठेवली. मग दोन्ही पंजांनी खायला लागली. बगळा फोटो काढायला पुढे झाला, तर त्याच्यावर गुरगुरली. पातेलं बोटाने निपटून झाल्यावर तिचे डोळे भरून आले.

"गरम जेवण किती दिवसांनी पोटात गेलं!" ती म्हणाली. "मासिक निघाल्यापासून आमच्याकडे चूल पेटलेलीच नाही. बिस्किटांवर दिवस काढतेय."

"मग ती खिचडी?" केरोबाने विचारलं.

"ती मला सुचली होती."

"आणि कुशीतली आजी?"

"तीही सुचलीच." मग ती सगुणाजवळ सरकली. "ताई, या पिवळ्या पदार्थाला काय काय घालता?"

सगुणाने सगळं सांगितलं. कोल्हीण माळ घालून, बगळ्याला घेऊन निघून गेली.

पुढच्या महिन्यात अंक आला. सगुणा जेवणाच्या वेळी हरखून वाचू लागली.

"अहो, ऐका! 'पणजीच्या चुलीवरचं सोनेरी बेसन.' संपादिकाबाईंच्या पणजीची खास पाककृती आहे. लसणाचा तो दरवळ, मिरचीचा तो हळवा ठसका... आणि हा फोटो बघा! वर केशराची काडीसुद्धा आहे."

केरोबाने फोटो पाहिला. आपलं ताट पाहिलं. तोंड उघडलं. मग बायकोचा फुललेला चेहरा पाहिला आणि त्या उघड्या तोंडात घास घातला.

"कर की एकदा," तो म्हणाला.

"छे हो!" सगुणाने सुस्कारा सोडला. "आपल्याला कुठलं जमायला! तुम्ही आपलं पिठलं घ्या अजून."

तात्पर्य : बाळांनो, स्वयंपाक येत नसेल तर खचून जाऊ नका, मासिक काढा. आणि उत्तम येत असेल, तर त्याची वर्गणी भरा.