हॉलमधल्या टाकीचा उपद्रव निर्मूलन कक्ष

सोमवारी सकाळी सव्वाआठ वाजता निवृत्त अधीक्षकांना हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक अनधिकृत जीव आढळला.

टाकी बायकोची. चार फूट लांब, आत दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ. बायको जाऊन सात महिने झाले होते. टाकीत मासा एकच, नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. बायको त्याला जावई म्हणायची. काचेवर चमच्याने दोनदा टकटक केलं की यायचा, खायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचा. "मान हवा, काम नको," ती म्हणायची. ती गेल्यावर अधीक्षकांनी भीत भीत टकटक केली, तेव्हाही तो आला. त्या दिवसापासून आधी टकटक, मग चहा, असा क्रम ठरला होता.

अनधिकृत जीव नखाएवढा, तपकिरी झुबक्यासारखा, हिरव्या प्रवाळाला खेटून बसला होता. अधीक्षकांनी लेकीला फोटो पाठवला. लगेच तिचा फोन आला.

"बाबा, ते एप्टेशिया. फुलासारखं दिसतं, पण शेजाऱ्याला डंख मारतं. आईच्या कपाटात सिरिंज आणि औषध आहे. त्याच्या तोंडावर एक थेंब सोडा. झालं."

"एकच थेंब?"

"आई दात घासता घासता सोडायची."

"पण कुणाच्या आदेशाने?"

लेकीने कपाळावर हात मारलेला फोनवरही ऐकू आला.

अधीक्षकांनी चौतीस वर्षांच्या सेवेत कुठलंही काम स्वतःच्या हाताने केलं नव्हतं. काम नेमून द्यायचं असतं. ते माशांच्या दुकानात गेले.

"काका, पट्टेरी कोळंबी न्या," दुकानदार म्हणाला. "तिचं खाणंच ते."

तीन कोळंब्या रुजू झाल्या. नवी वही आली. मुखपृष्ठावर 'उपद्रव निर्मूलन कक्ष', आत नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख. कर्मचाऱ्यांना उपाशी राबवणं अधीक्षकांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून कोळंब्यांना दोन वेळा वेळेवर दाणे सुरू झाले. कोळंब्यांनी ते नाकारले नाहीत. पंधरा दिवसांत एका एप्टेशियाची चार झाली.

"तुम्ही त्यांना जेवू घालताय?" लेक ओरडली. "पोट भरलेलं असलं तर कोण काम करेल?"

"चौतीस वर्षं मीही पोटभर जेवूनच कामावर जात होतो."

"तेच म्हणतेय मी!"

कोळंब्या काम करत नाहीत म्हटल्यावर त्यांच्यावर देखरेख हवी. पर्यवेक्षक म्हणून खेकडा आला. त्याने पहिल्याच आठवड्यात एक कोळंबी खाल्ली. वहीत 'एक पद रिक्त' अशी नोंद झाली. मग त्याने एक एप्टेशिया नांगीत धरून कुस्करलं आणि त्याला शाबासकी मिळाली. एप्टेशियाचं असं असतं, की जितके तुकडे तितकी नवी एप्टेशिया. ती सात झाली. शाबासकी मागे घेतली नाही, कारण तशी तरतूद नव्हती.

खेकड्याला आवर घालायला खरखरीत अंगाचा एक करडा मासा आला. तो एप्टेशियाही खातो, असं दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं. त्याने हिरव्या प्रवाळाचं टोक खाल्लं. अधीक्षकांनी कारणे दाखवा नोटीस काढली आणि माशाला वाचता यावी म्हणून अक्षरं आत करून काचेवर चिकटवली. सात दिवसांत खुलासा आला नाही. एप्टेशिया मात्र अकरा झाली.

त्याच आठवड्यात एका सकाळी अधीक्षकांनी टकटक केली आणि जावई आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कोळंब्या आल्या, खेकडा आला, करडा मासा तर सर्वांत आधी आला. अधीक्षकांनी चहा घेतला नाही. दुकानदाराला घरी बोलावलं.

दुकानदाराने पाणी तपासलं आणि नाक मुरडलं. "काका, गर्दी झालीय. घाण वाढली. घाण पाण्यात एप्टेशियाची चंगळ असते. एक तरी जीव आजच कमी करा."

अधीक्षक वही घेऊन बसले. कोळंब्या सेवेत कायम झाल्या होत्या. खेकड्याच्या नावावर शाबासकी होती. करड्या माशाची चौकशी चालू होती आणि चौकशी चालू असताना कुणाला काढता येत नाही. राहिला जावई. त्याला हुद्दा नाही, कामगिरी नाही, वहीत नावसुद्धा नाही. नोंद नसलेला जीव नियमाने अतिरिक्त ठरत होता.

टिपणी अधीक्षकांनीच लिहिली. सही करताना पेन चालेना. दुसरं आणलं, तेही चालेना. दोन्हींत शाई होती.

"काका, सही नंतर करा. आधी तो आहे कुठे ते तरी बघू," दुकानदार जाळी हातात घेऊन म्हणाला.

अधीक्षकांनी चमचा उचलला आणि अगदी हळू दोनदा टकटक केली. मागच्या दगडावर एप्टेशियाचा दाट झुबका होता. तो हलला आणि त्यातून नारंगी तोंड बाहेर आलं. जावई समोर आला, दोन दाणे खाल्ले, पाठ फिरवली आणि परत त्या झुबक्यात शिरून अंग घुसळू लागला. खेकडा आणि करडा मासा डंखाच्या भीतीने लांबूनच बघत होते.

"घ्या!" दुकानदार म्हणाला. "याच्या जातीला डंख बाधत नाही. तुमच्या एवढ्या कर्मचाऱ्यांतून त्याला वाचवलं कुणी, तर उपद्रवाने."

कक्ष त्याच दिवशी बरखास्त झाला. कर्मचारी पिशव्यांतून दुकानात परतले. दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी बायकोचं कपाट ती गेल्यानंतर पहिल्यांदाच उघडलं. मग तोंडात ब्रश धरून हिरव्या प्रवाळाजवळच्या प्रत्येक एप्टेशियावर एकेक थेंब सोडला. मागच्या दगडावरची तेवढी ठेवली. एकूण चार मिनिटं लागली, त्यातली दोन चष्मा पुसण्यात गेली.

वहीत 'उपद्रवी जीवाचे नाव' या रकान्यात एप्टेशिया खोडून त्यांनी स्वतःचा हुद्दा लिहिला. 'कुठे आढळला' या रकान्यात लिहिलं, 'टाकीबाहेर'. आणि वही दुकानदाराला देऊन टाकली.

ती आता गल्ल्याशेजारी ठेवलेली असते. गिऱ्हाइकं वाचतात, तुमच्यासारखीच हसतात, आणि मग त्याच वहीच्या मागच्या पानावर, घरी गेल्यावर कुणाला कुठलं काम नेमून द्यायचं, त्याची यादी करतात. पान भरत आलंय. तुमच्यासाठी दोन ओळी राखून ठेवल्या आहेत.