काहीच न करणाऱ्या बारा आज्या

ग्वांगजू शहरातल्या शनिवारच्या वर्गाला ह्येरिम दोनदाच गेली होती, पण तेवढ्यात आपण संशोधन कोळून प्यालो असं तिला वाटायला लागलं होतं.

वर्ग दवाखान्यात राबणाऱ्यांचा होता. नर्स, फिजिओथेरपिस्ट, औषधं देणारे. आपण रुग्णांसाठी रोज जे करतो त्याचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायचं कसं आणि ते नियतकालिकात छापून आणायचं कसं, एवढं प्यो सर दर दोन महिन्यांनी एक अशा सहा शनिवारांत शिकवत. ह्येरिम समुद्रकाठच्या एका छोट्या रुग्णालयात अकरा वर्षं म्हाताऱ्यांचे गुडघे सांभाळत होती. खुर्चीवरून उठण्याबसण्याच्या तिच्या व्यायामाने गुडघे सुधारतात, हे तिला ठाऊक होतं. फक्त ते सिद्ध करायचं बाकी होतं.

"सोपं आहे हो," तिने रुग्णालयाचे संचालक मेंग साहेबांना सांगितलं. "निम्म्या आज्यांना व्यायाम द्यायचा, निम्म्यांना नाही. आठ आठवड्यांनी फरक मोजायचा. झाला निबंध."

मेंग साहेबांना एवढंच हवं होतं. चार दिवसांत बाजारच्या चौकात कापडी फलक लागला: 'आमच्या बांग ह्येरिम यांच्या शोधनिबंधाबद्दल हार्दिक अभिनंदन.' निबंधाची अजून एक ओळही लिहिली गेली नव्हती. भाजीवाली अभिनंदन करायची, आणि ह्येरिम मान खाली घालून मुळा निवडायची.

वर्गाच्या तिसऱ्या शनिवारी सासरी हिवाळ्याचं किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचं होतं. दीडशे कोबी आणि सासूबाई समोर. तो वर्ग बुडाला. एकाच गावातली, एकमेकींच्या चुलीपर्यंत जाणारी माणसं दोन गटांत वाटली तर काय होतं, हे नेमकं त्या दिवशी शिकवलं होतं.

ह्येरिमने गावातल्या ज्येष्ठांच्या सभागृहात चोवीस आज्या जमवल्या, सगळ्यांच्या संमतीच्या सह्या घेतल्या आणि चिठ्ठ्या काढल्या. बारा जणींना व्यायाम. बारा जणींना गुडघ्यांची काळजी कशी घ्यावी याचा एक छापील कागद.

एकोणऐंशी वर्षांच्या जमसुन आजीने कागद हातात धरला. उलटा करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"बाई, ओकबुनला व्यायाम आणि मला रद्दी?"

"आजी, तुम्हाला आठ आठवड्यांनी शिकवणार आहे मी. तोवर तुम्ही काहीच करायचं नाही."

"आणि आठ आठवड्यांत मी वर गेले तर?"

"नाही जाणार तुम्ही."

"हे कुठे लिहून दिलंय का कागदात?"

बाकीच्या अकरा जणी हसल्या. पण ते हसू बरं नव्हतं, हे ह्येरिमला फार उशिरा कळलं.

आठ आठवडे मंगळवार-गुरुवार व्यायाम झाला. काहीच न करणाऱ्या आज्या शेजारच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी जेवण रांधत. दार नेहमी वीतभर उघडं असे. वाफ जायला, असं त्या म्हणत.

मग मोजणीचा दिवस आला. अर्ध्या मिनिटात, हात न टेकता, खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजायचं. व्यायामवाल्या आज्या सरासरी नऊवरून अकरावर गेल्या होत्या. ह्येरिमने खूश होऊन पुढच्या गटाला बोलावलं.

जमसुन आजी पंधरा वेळा उठली.

ह्येरिमने हातातलं घड्याळ हलवून पाहिलं. दुसरी आजी चौदा. तिसरी सोळा, वर शेवटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजी," ह्येरिम हळूच म्हणाली, "तुम्ही काय करत होतात?"

"काहीच नाही," जमसुन आजी म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत ना."

"खरं सांगा."

"रोज पहाटे पाच वाजता माझ्या खोलीत जमून काहीच करत नव्हतो. एकदाही कुणी चुकली नाही. चुकेल तिला दुपारच्या जेवणात मासा मिळायचा नाही."

"आणि तुम्ही?" ह्येरिम व्यायामवाल्यांकडे वळली.

ओकबुन आजी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आम्हाला काय, बाई, हक्काचंच होतं. कधी आलो, कधी कालवं काढायला गेलो."

मेंग साहेबांनी आकडे पाहिले आणि दार लावून घेतलं. "ह्येरिम, दोनच रकाने आहेत. वरच्या नावांची अदलाबदल केली तर कुणाला कळणार?"

"मला कळेल, साहेब."

"फलक लागलाय."

हे मात्र खरं होतं. ह्येरिम संगणकावरच्या तक्त्यासमोर तासभर बसून राहिली. दोन शब्द उचलून इकडचे तिकडे ठेवायचे होते, बस. बोट एकदा कळीपर्यंत गेलंही. मग तिने प्यो सरांना फोन लावला आणि किमचीच्या शनिवारापासून सगळं सांगून टाकलं.

सर आधी मनसोक्त हसले. मग म्हणाले, "घडलं तसंच लिहा. कुठे चुकलं तेही लिहा. आणि उरलेले शनिवार बुडवू नका."

तिने बुडवले नाहीत. झालेली चूक न लपवता कशी मांडायची, जेवढं दिसलं तेवढंच कसं म्हणायचं, निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांचे टोमणे गिळून त्यांना मुद्देसूद उत्तर कसं द्यायचं, हे ती शिकली. निबंध एका नियतकालिकाकडून परत आला. दुसऱ्या ठिकाणच्या तज्ज्ञाने लिहिलं: 'गटांची तुलना आता निरर्थक आहे. पण आमच्याकडे व्यायामाला निम्मे लोक टिकत नाहीत. या बारा जणी रोज पहाटे का आल्या, ते सविस्तर लिहा.'

ह्येरिम वही घेऊन जमसुन आजीच्या खोलीतल्या, खालून तापवलेल्या उबदार फरशीवर जाऊन बसली. रुसवा, चढाओढ, मासा, सगळं आज्यांच्या तोंडून उतरवून घेतलं. पाच महिन्यांनी निबंध छापून आला. रुग्णालयातले व्यायामाचे वर्गही बदलले: बाईंनी शिकवायचं, आणि आज्यांनी एकमेकींच्या घरी जमून करायचं. गळती जवळजवळ थांबली.

आता ह्येरिमला सगळं नीट, शास्त्रशुद्ध करायचं होतं. या वेळी गटांची वाटणी गावागणिक, अख्खं गाव एकाच गटात, म्हणजे दाराआडून बघायची सोयच नाही. ती डोंगरापलीकडच्या गावी गेली, सभागृहात आज्या जमवल्या आणि चिठ्ठ्यांत या गावाला व्यायाम आल्याचं आनंदाने जाहीर केलं.

आज्यांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणाचाच चेहरा खुलला नाही. शेवटी त्यांच्यातली थोरली पुढे सरकली.

"बाई, व्यायाम दुसऱ्या कुठल्या गावाला द्या," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "आम्हाला त्या काहीच न करायच्या गटात घाला. गुडघे त्यातच बरे होतात म्हणे."